गाडीचं उष्टं

आमच्या घरात स्वतःचं उष्टं खाणारा जीव आजवर एकच होऊन गेला, आणि ती एक मोटारगाडी होती. तिची ही वाईट सवय मोडण्याचं पुण्यकर्म वयाच्या बाविसाव्या वर्षी मी केलं. आता ते सांगायला हरकत नाही, कारण त्यात सापडलेल्या सगळ्यांनी मला माफ केलेलं आहे. (दयारामकाका सोडून. त्यांचं कारण पुढे येईल.)

गाडी मुळात आमची नव्हती, डॉक्टरबाईंची होती. डॉक्टरबाई म्हणजे लाखनीच्या डॉक्टरबाई. त्यांना एक नाव होतं, पण ते फक्त दवाखान्याच्या पाटीला माहीत होतं. माझा जन्म त्यांच्याच हातचा. पायाळू होतो म्हणे, बाईंनी अर्धी रात्र खपून मला बाहेर काढलं. आई अजून म्हणते, "तवा जो उलटा आला, तो सरळ झालाच नाई."

बाबा बाईंच्या दवाखान्यात होते. पट्ट्या बांधायचे, औषधाच्या बाटल्या भरायचे आणि बाळंतपण अडलं की बैलगाडी जुंपून बाईंना गावोगाव न्यायचे. मग बाई दोन वर्षं विलायतेला शिकायला गेल्या आणि येताना बोटीतून एक आभाळी रंगाची लहानशी मोटार घेऊन आल्या. हायवेवर त्यांनी बाबांना ती चालवायला शिकवलं. पहिले सहा महिने बाबा ब्रेक दाबताना तोंडाने "हर्र... हर्र!" म्हणायचे. गाडी थांबायची, म्हणून बाईंनीही कधी टोकलं नाही.

पुढे बाई थकल्या आणि पुण्याला भावाकडे राहायला गेल्या. जाताना किल्ली बाबांच्या हातावर ठेवून म्हणाल्या, "सुखदेव, सांभाळ." बाबांनी हा शब्द फारच मनावर घेतला. त्यांनी गाडी चालवलीच नाही. गोठ्याशेजारी भाताच्या तणसीच्या ढिगाला लागून एक छपरी उभारली, गाडी तिच्यात उभी केली आणि आठ वर्षं सांभाळली. दसऱ्याला तिची पूजा व्हायची आणि एरवी तिच्यात आमच्या कोंबड्या अंडी घालायच्या.

आणि एक दिवस बाईंचं पत्र आलं. "फेब्रुवारीत चार दिवस येते. सगळ्यांना बघावंसं वाटतं. गाडी आहे का रे अजून?"

त्या शेवटच्या ओळीने बाबांची झोप उडाली. पत्र घडी घालून खिशात, पुन्हा उघडून डोळ्यांपुढे, असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी जाहीर केलं, "बाईले ठेसनावरून याच गाडीत आनायचं. मागच्या सीटवर बसल्या का त्याईले वाटलं पायजे, आपन कालच उतरलो होतो. एक खिळा बी बदलायचा नाई. सारं वरिजनल!"

बाबांनी आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. हे पहिलं मागणं होतं. म्हणूनच ते माझ्या हाती पडायला नको होतं.

पण पडलं, कारण मी शिकलेला होतो! भंडाऱ्याच्या आयटीआयमध्ये मी डिझेल मेकॅनिकचा कोर्स केला होता. गाडी पेट्रोलची होती, पण एवढ्यातेवढ्या फरकाने ज्ञान अडत नाही. मदतीला भैयालाल मिस्त्री होते. हायवेवर त्यांचं ट्रकदुरुस्तीचं दुकान होतं. अर्ध्या हिंदुस्थानचे ट्रक त्यांच्या पान्याखालून गेलेले होते, आणि ट्रकापेक्षा लहान वाहन म्हणजे खेळणं, असं त्यांचं स्वच्छ मत होतं.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. एअर फिल्टरमधून उंदरांचं एक खटलं निघालं, डिकीतून सात अंडी. बाबा प्रत्येक वस्तू हातात घेऊन "वरिजनल आहे का?" विचारायचे आणि पुसून जागच्या जागी ठेवायचे. मागच्या सीटच्या राखदाणीत एक वाळलेली लवंग सापडली. बाईंना सतत लवंग चघळायची सवय होती. मी ती फेकायला गेलो तर बाबा अंगावर आले.

"अबे, काय करून राहिला? बाईची लवंग आहे ते!"

"बाबा, आठ वर्षांची लवंग आहे."

"असन. वरिजनल आहे. ठेव तिथंच."

मी ठेवली. असं सगळं सुरळीत चाललं असताना भैयालालनी इंजिनात डोकं घातलं आणि ते बाहेर काढायच्या आधीच विचारलं, "अबे परभाकर, हे काय भानगड आहे बे?"

इंजिनाच्या पोटातून एक हातभर लाल रबरी नळी निघाली होती आणि वळसा घेऊन ती पुन्हा इंजिनाच्याच तोंडात शिरली होती. रबर कसं तर अस्सल, मऊ, गुळगुळीत. आठ वर्षांत एक भेग नाही. विलायत ती विलायत, मी मनात म्हटलं.

ही नळी बाबांना ठाऊक होती. ते एकदम शाळामास्तरांसारखे सरळ उभे राहिले. "बाईनं सांगतलं होतं मले. इंजिन चाललं का त्याच्या पोटात धूर धरते. तिकडे विलायतेत आता तो धूर बाहेर सोडू देत नाई, हवा घान होते म्हनून. ह्या नळीनं तो परत इंजिनात जाते, अन् तिथंच जळते."

भैयालालनी पाना खाली ठेवला. "म्हंजे इंजिन आपलाच धूर आपन पिऊन राहिलं?"

"हाव."

"आपन टाकलेलं आपनच?"

"हाव म्हनलं ना!"

आई तांदूळ पाखडत ओसरीवर बसली होती. तिचं सूप थांबलं. "काय म्हनता? ओकलेलं परत खाते हे गाडी?"

"ओकलेलं नाई वो, धूर..."

"एकडाव तोंडातून बाहेर पडलं का उष्टंच ते! अन् दसऱ्याले मी हिले कुंकू लावून राहिली आठ वर्षांपासून!"

संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या आळीत झाली. लोक टोपी काढून बॉनेटमध्ये वाकायचे, नळीकडे बघायचे आणि "च् च् च्" करून निघून जायचे. दोन पक्ष पडले. भैयालाल, आई आणि बहुतेक आळी "काढा" पक्षात. बाबा एकटे "ठेवा" पक्षात.

भैयालाल म्हणायचे, "सुखदेवभाऊ, ट्रकाचं पाहा. नळी खाली रस्त्याकडे सोडून देली. धूर जाते आपल्या रस्त्यानं, ट्रक जाते आपल्या रस्त्यानं. कोनाचं कोनी खात नाई."

बाबा म्हणायचे, "बाई येवढ्या शिकल्या, त्याईनं काय चुकीची गाडी आनली? जे जिथं आहे, ते तिथंच राहीन. लवंग बी राहीन अन् नळी बी राहीन."

माझं मत कोणी विचारलं नाही, हीच सगळ्या अनर्थाची सुरुवात. गाडी सुरू झाली होती, पण चढावर धापा टाकायची. मला पक्कं वाटलं, हा दोष उष्ट्याचाच! रोज शिळा धूर खाऊन कोणाच्या अंगात बळ येणार? नळी निघाली की गाडी कशी हरणासारखी पळेल, बाई कशा चकित होतील आणि बाबा मान डोलावून कसे म्हणतील, "पोट्टा शिकला बुवा!" हे सगळं मला डोळ्यांपुढे दिसायला लागलं.

एका दुपारी बाबा करडी गावी नातेवाइकांकडे तेरवीला गेलेले पाहून मी नळी काढली. भैयालालनी बजावलं होतं, "काढली तं खालचं भोक उघडं ठेवजो." पण उघड्या भोकातून धूळ जाईल, हे त्या ट्रकवाल्याला काय कळणार? मी सागाच्या दोन गुल्ल्या तासल्या, दोन्ही भोकांत हातोडीने ठोकल्या आणि वरून एम-सील लावलं. मग प्रश्न आला बाबांच्या नजरेचा. मी सायकलची जुनी ट्यूब हातभर कापली, तेलात शेंदूर कालवून तिला दोन हात दिले आणि नळीच्या जागी दोन्ही टोकं गुल्ल्यांवर चढवून पट्टीने आवळून टाकली. बाहेरून पाहिलं तर नळी तशीच लाल, तसाच वळसा. आतून मात्र रस्ता बंद.

बाबा परत आले, त्यांनी बॉनेट उघडलं, नळीवरून नजर फिरवली आणि समाधानाने बॉनेट मिटलं. इतकी सुबक फसवणूक मी नंतर आयुष्यात कधी केली नाही.

खरी नळी फेकायची मला हिंमत झाली नाही. शिवाय ती उपयोगाची निघाली. गाडीची पेट्रोलची टाकी सांध्यातून पाझरायची, त्यामुळे रोज संध्याकाळी पेट्रोल काढून डब्यात भरावं लागे. त्याला नळी हवीच. ओळखू येऊ नये म्हणून मी त्या लाल नळीला वरपासून खालपर्यंत काळा टेप गुंडाळला. एक टोक टाकीत घालायचं, दुसरं तोंडात धरून जोरात ओढायचं आणि पेट्रोल ओठाशी आलं की झटकन डब्यात सोडायचं. नळी काय नामी होती! एका दमात काम. शेजारीपाजारी रॉकेल काढायला न्यायला लागले, तेव्हा मी अभिमानाने सांगायचो, "घेऊन जा, पन तोंड पुसून परत द्या. मले कोनाचं उष्टं चालत नाई."

असे तीन महिने गेले. या काळात गाडी कधी बसस्टँडच्या पुढे गेली नाही, त्यामुळे माझ्या विद्वत्तेला धोका नव्हता.

मग तो दिवस उजाडला. बाबांनी धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा आणि बाईंनीच कधीतरी दिलेली लोकरी टोपी घातली होती. वरठीच्या स्टेशनावर बाई आगगाडीतून उतरल्या. केस पांढरे झाले होते, पाठ मात्र तशीच ताठ. त्यांनी आधी बाबांकडे पाहिलं, मग बाहेर उभ्या आभाळी गाडीकडे, आणि हातातली पिशवी माझ्याकडे दिली. मागच्या सीटवर बसल्या. हात आपोआप राखदाणीकडे गेला.

"सुखदेव," बाई म्हणाल्या, "ही लवंग माझी?"

"हाव बाई."

बाईंनी लवंग चिमटीत धरून पाहिली, पुन्हा राखदाणीत ठेवली आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. बाबांनी आरशातून हे पाहिलं. टोपी सरळ केली आणि गाडी सुरू केली. बाबांना इतकं सुखी मी ना आधी पाहिलं, ना नंतर. मी शेजारी बसून मनात म्हटलं, आता हिचा वेग पाहा म्हणावं!

भंडारा मागे पडलं, वैनगंगेचा पूल ओलांडला, मोकळा हायवे लागला. मी बाबांना हळूच म्हटलं, "दाबा ना थोडी." बाबांनीही आनंदाच्या भरात दाबली. गाडी खरोखरच हरणासारखी निघाली!

त्याच वेळी इंजिनातून एक बारीक शिट्टी ऐकू यायला लागली.

"हे कायची शिट्टी?" बाबांनी विचारलं.

"हवा लागून राहिली, बाबा."

शिट्टी वाढली. चहाच्या किटलीची होती, ती पार राइस मिलच्या भोंग्याची झाली. बाई मागून म्हणाल्या, "सुखदेव, पूर्वी असा आवाज नव्हता." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर पाहिलं. गडेगाव थोडं पुढे राहिलं असेल, एवढ्यात बॉनेटखाली "ठण्ण!" असा घाव बसला, त्यापाठोपाठ "भक्क!" आणि समोरच्या काचेवर काळ्या तेलाचा पडदा पडला.

"हर्र! हर्र! हर्र!" बाबा ओरडले. गाडी रस्त्याच्या कडेला थांबली.

बॉनेट उघडलं. निळ्या धुराचा लोट वर गेला. तेल मोजायची पट्टी भाल्यासारखी सुटून बॉनेटला वळ पाडून बाजूला पडली होती. तेल घालायच्या भोकाचं झाकण नाहीसं झालं होतं (ते पुढल्या पावसाळ्यात एका शेताच्या धुऱ्यावर सापडलं). इंजिनाला आपला धूर गिळू दिला नाही आणि बाहेरही टाकू दिला नाही, तर ते बिचारं दुसरं काय करणार? मी "काही नाही, साधी गोष्ट आहे" म्हणत आत वाकलो, आणि नेमकी त्याच क्षणी खालची गुल्ली सुटली. तेल, शेंदूर आणि सायकलची ट्यूब हे तिन्ही मिळून माझ्या तोंडावर आले.

मी वर मान केली तेव्हा बाई दोन पावलं मागे सरकल्या. डोक्यापासून छातीपर्यंत मी तेलाशेंदराने न्हालो होतो. शनिवारचा मारुतीही इतका माखत नसेल. रस्त्याने जाणाऱ्या एका म्हातारीने खरोखर हात जोडले.

बाबांनी खाली पडलेली ट्यूब उचलली. तिच्यावर सायकलचा व्हॉल्व्ह होता, तो कापायचा माझ्याकडून राहिला होता.

"बाईच्या गाडीत," बाबा अगदी सावकाश म्हणाले, "सायकलचा वॉल?"

मी सगळं सांगून टाकलं. गुल्ल्या, शेंदूर, सगळं. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. टोपी काढून त्यांनी हातात धरली आणि बाईंपुढे मान खाली घालून उभे राहिले. मला त्या क्षणी वाटलं, बाईंनी मला त्या रात्री बाहेर काढायला नको होतं.

बाई मात्र रस्त्याकडे बघत होत्या. "तो बैलवाला आपला दयाराम आहे का रे?"

दयारामकाका आमचे शेजारी. शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे, नादी. एका पटावरून आपली जोडी घेऊन ते घरी निघाले होते. जोडीतल्या एका बैलाचं नाव वकील आणि दुसऱ्याचं तहसीलदार. (आयुष्यात ज्या दोघांपुढे काकांनी हात जोडले, त्यांना आता ते पराणी टोचायचे.) त्या दिवशी जोडी थोडक्यात हरली होती, त्यामुळे काका, वकील आणि तहसीलदार तिघेही फुरफुरत होते.

"मोटार ओढा म्हनता?" काका भडकले. "हे पटाचे बैल आहेत बाप्पा! मालगाडी ओढाले नाई पोसले मी!"

"दयाराम," बाई म्हणाल्या, "मी आहे."

काकांनी पागोटं सावरलं. "बाई आहेत? मंग जुंपा ना लेकहो, पाहून काय राहिले!"

काकांचा हलका छकडा एका ओळखीच्या धाब्यावर ठेवला. जू तेवढं बैलांच्या मानेवर राहू दिलं आणि मोटारीला दोर बांधला. बाई मागच्या सीटवर बसल्या. बाबा माझ्याशी बोलायला तयार नव्हते, म्हणून ते बैलांच्या बाजूने पायी चालू लागले. स्टिअरिंगवर मी. काच तेलाने बंद, म्हणून मान खिडकीबाहेर काढून बसलो. आमची वरात निघाली. ट्रकवाले हॉर्न वाजवून सलाम ठोकत होते, आणि बाई प्रत्येकाला हात करत होत्या.

इथवरही ठीक होतं. पण लाखनीत बाईंच्या स्वागताची तयारी झाली होती, हे आम्ही विसरलो. दवाखान्यापर्यंतच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी सगळं गाव उभं होतं. मध्ये सरळ मोकळी वाट. डफडी वाजत होती. आमची जोडी वळणावर दिसताच सगळे एका सुरात ओरडले, "आले! आले! आले!"

आता विचार करा. दोन्हीकडे माणसांची भिंत, मधे सरळ वाट, डफडी आणि "आले, आले"चा गजर. पटाच्या बैलाने याचा दुसरा काय अर्थ घ्यावा? आणि तोही सकाळीच हरलेल्या बैलाने? वकिलाने कान टवकारले. तहसीलदाराने शेपूट उभं केलं.

"धरा रे!" दयारामकाका ओरडले, पण कासरा त्यांच्या हातातून गेला होता.

मोटार उडाली! मी ब्रेकवर पाय दिला, तो तेलाने सुळकन घसरून क्लचवर गेला. क्लचवरून काढून पुन्हा दिला, तो थेट खालच्या पायपुसण्यात गुंतला. तोंडातून मात्र बाबांचंच "हर्र! हर्र!" निघत होतं. समोरून सरपंच हार उंच धरून पुढे आले आणि शहाणपणाने तितक्याच वेगाने मागे गेले. हार माझ्या गळ्यात पडला. लोकांनी तेलाशेंदराने माखलेला, हार घातलेला, खिडकीतून मुंडकं काढून "हर्र हर्र" ओरडणारा मी पाहिला आणि काही भाविकांनी "महादेव!" म्हणून साथ दिली. "सुस्वागतम्"चा फलक गाडीच्या टपावर आला. स्टेज, माइक आणि स्वागताचे पेढे घेतलेल्या हेडमास्तरीणबाई डाव्या हाताने सर्रकन निघून गेल्या.

दवाखान्याच्या पुढे रस्ता वळतो. बैल वळले. दोर तुटला. मोटार वळली नाही. ती सरळ वळणावरच्या आमच्या अंगणात शिरली, कोंबड्या उडवत गोठ्याला वळसा घालून गेली आणि तणसीच्या ढिगात काचेपर्यंत घुसून थांबली. आठ वर्षं जिथे उभी होती, तिथून दीड हातावर.

मग मागच्या सीटवरून हसण्याचा आवाज आला. बाई इतक्या हसत होत्या की त्यांना दार उघडता येईना. केसांत तणीस, चष्मा कपाळावर. तोवर बाबा एका पायात चप्पल घालून धापा टाकत पोचले होते. मागोमाग आई, भैयालाल आणि सगळं गाव.

"बाई," बाबा दाराशी वाकून म्हणाले. "बाई, माफ करजा. मले तुमाले तुमच्या गाडीत आनायचं होतं. जशी देली होती तशी."

बाईंनी त्यांचा हात धरला. "सुखदेव, अरे, जशी दिली होती तशीच तर आणलीस. या गाडीतून कोणीतरी ढकलल्या-ओढल्याशिवाय मी लाखनीत कधी पोचले होते का? आठव बरं!"

बाबा आठवायला लागले. आणि आठवता आठवता त्यांच्या तोंडावर हसू यायला लागलं. आई म्हणाली, "खरं आहे. पोहऱ्याच्या नाल्यात तं मी बी ढकलली होती, लुगडं खोचून!" मग जो तो आपण ही गाडी कुठे कुठे ढकलली ते सांगायला लागला. बाबा हसत होते आणि टोपीने डोळे पुसत होते. (दयारामकाका तेवढे हसत नव्हते. त्यांच्या जोडीने आयुष्यातली सगळ्यात जोरदार धाव त्या दिवशी घेतली, आणि घड्याळ लावायला कोणी नव्हतं. ते त्यांनी मला अजून माफ केलेलं नाही.)

"पन बाई," बाबा म्हणाले, "ते वरिजनल नळी तं गेलीच ना. तुमची विलायती नळी. ह्या पोट्ट्यानं काढली."

"कुठली रे?"

"लाल नळी. धूर परत इंजिनात नेते ते."

"मी फेकली नाही, बाई!" मी घाईघाईने म्हटलं. डिकीतून पेट्रोलचा डबा आणि नळी काढली, काळा टेप उलगडला आणि अस्सल विलायती लाल रबर बाईंच्या हातात दिलं.

बाईंनी नळी पाहिली. उलटीपालटी केली. ओठ आवळले.

"सुखदेव, ओरिजिनल नळी पहिल्याच उन्हाळ्यात फाटली होती. विलायतेहून मागवायची तर वर्ष गेलं असतं. पण नळी तर हवीच, नाहीतर..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "नाहीतर हे असं होतं. म्हणून मी दवाखान्यातली एक लावून टाकली. ही एनिमाच्या डब्याची नळी आहे."

बाबांनी तीन महिने ज्याच्यासाठी सगळ्या आळीशी भांडण केलं, ते वरिजनल हे होतं.

"नवीन होती ना, बाई?" मी विचारलं. आवाज माझाच होता, असं लोक म्हणतात.

"छे! नवीन कुठली मिळायला?" बाई म्हणाल्या. "सात-आठ वर्षं वापरातली. आख्ख्या लाखनीची सेवा झाली हिच्याकडून. गाडीलाच लावायची, म्हणून नुसती पाण्याखाली धरली. का रे?"

भैयालालनी मान वळवली. रॉकेलसाठी नळी नेणाऱ्या दोघातिघांनी गर्दीतून हळूच काढता पाय घेतला. आईने पदर तोंडावर धरला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्या कबुलीनंतर पहिल्यांदाच ते माझ्याशी बोलले, "परभ्या, तू रोज संध्याकाळी पेट्रोल कायनं ओढून राहिला होता बे?"

दुसऱ्या दिवशी बाबांनी तीच नळी मानाने पुन्हा इंजिनात बसवली आणि बाईंना चारही दिवस गावोगाव फिरवलं. नंतर गाडी आमच्याकडे कितीतरी वर्षं होती, आणि ती आपला धूर आपण गिळते म्हणून तिला नावं ठेवायची माझी टाप झाली नाही. ती निदान स्वतःचं उष्टं खात होती. मी आख्ख्या लाखनीचं!